यंत्र पूरक की मारक? रायगडच्या मातीतून पाहिलेले उद्याचे जग

उद्याचा माणूस कसा जगेल, हा प्रश्न आज घराघरांत विचारला जातो. विचार करणारी यंत्रे आली, महिन्याचा हिशेब क्षणात होऊ लागला, पाऊस आपले नक्षत्र पाळेनासा झाला. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या पुढच्या पिढीला कोणता व्यवसाय उरेल, ही काळजी वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. अशा वेळी उत्तरासाठी परदेशी ग्रंथांकडे धाव घेतली जाते. परंतु पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यातच जन्मलेल्या दोन विचारवंतांनी या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला होता. त्यांचे चिंतन पेण आणि रोह्याच्या आजच्या व्यवहाराशी ताडून पाहिले, तर ते अजूनही ताजे वाटते.

एका कुटुंबाचे राज्य

पहिले विष्णुबुवा ब्रह्मचारी. मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले. १८२५ साली निजामपूरजवळच्या शिरवली गावी त्यांचा जन्म झाला. जकात खात्यातील नोकरी सोडून ते धर्मचिंतनाकडे वळले आणि १८६७ मध्ये त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सारी प्रजा एक कुटुंब, जमीन सर्वांची, धान्य गावच्या कोठारात आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे, असे भावी राज्याचे चित्र त्यांनी रेखाटले. योगायोग असा की कार्ल मार्क्सच्या ‘दास कापिटाल’चा पहिला खंडही त्याच वर्षी जर्मनीत प्रसिद्ध झाला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

विष्णुबुवांचे राज्य प्रत्यक्षात आले नाही. एका राजाच्या सद्बुद्धीवर त्यांनी टाकलेला भार आजच्या वाचकाला अवाजवीही वाटेल. तथापि भविष्याचा विचार त्यांनी कोठारापासून सुरू केला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. किती पिकले याच्या आधी ते कोणाच्या ताटात पोहोचले, हा प्रश्न त्यांनी मांडला.

गागोद्याचा गणिती

दुसरे आचार्य विनोबा भावे. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते जन्मले. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते. त्यांना रसायनांची व रंगांच्या प्रयोगांची मोठी आवड होती. विनोबांचा ओढा गणिताकडे होता. त्यामुळे गांधीमार्गी असूनही ते विज्ञानाला भ्याले नाहीत. विज्ञान पुढे गेलेच पाहिजे, मात्र त्याची सांगड अध्यात्माशी घातली नाही तर मानवजात टिकणार नाही, हे त्यांनी भूदानाच्या पदयात्रेत गावोगाव सांगितले. अणुयुगात हिंसा आणि विज्ञान एका घरात नांदू शकत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. ‘जय जगत्’ हा घोष त्यांनी दिला तो याच विश्वासाने.

यंत्रांविषयीची त्यांची मांडणी व्यापारी मनाला चटकन पटावी अशी आहे. यंत्रांचे त्यांनी तीन वर्ग केले. आगगाडी, विमान ही वेळ वाचवणारी म्हणजे समयसाधक यंत्रे. तोफा, बाँब ही संहारक यंत्रे. तिसरी उत्पादक यंत्रे. समयसाधक यंत्रे त्यांनी स्वीकारली, संहारक नाकारली. उत्पादक यंत्रांबाबत मात्र त्यांनी सरसकट निकाल दिला नाही. माणसाच्या श्रमाला जोड देणारे यंत्र पूरक आणि त्याच्या हातचे काम हिरावून घेणारे यंत्र मारक, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय एकच यंत्र एका देशात पूरक आणि दुसऱ्या देशात मारक ठरू शकते, आज मारक असलेले उद्या पूरकही होऊ शकते. तेव्हा परीक्षा एकदाच करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

कुंडलिकेचे पाणी

या कसोटीला रोह्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. कुंडलिका नदीला बारमाही पाणी आहे, ते बव्हंशी यंत्राच्या कृपेने. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीला धरण बांधून तेथील पाणी पश्चिमेकडे वळवण्यात आले. भिरा येथे कड्यावरून खाली आणलेल्या त्या पाण्यावर १९२७ पासून वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या उद्योगांना बळ मिळाले. वीज तयार करून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेत येते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते शेतीला मिळते, कारखान्यांनाही मिळते. कोलाडला पर्यटकांच्या ज्या नावा सकाळी फेसाळत्या प्रवाहातून धावतात, त्याही याच पाण्यावर.

येथपर्यंतचा हिशेब जमेचा आहे. नावेची बाजू घाटावर आहे. धरणासाठी मावळातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. ज्यांची शेते बुडाली त्यांना हे यंत्र मारक ठरले, ज्यांच्या शेतात पाणी आले त्यांना पूरक. पुढे धाटाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, रासायनिक कारखाने आले, रोह्याच्या तरुणांना काम मिळाले आणि बाजारपेठ वाढली. त्याच कुंडलिकेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीतही आले. खाडीतल्या मासळीवर पोट असणाऱ्याचा तोटा कारखान्याच्या ताळेबंदात कोठेच लिहिला जात नाही. न लिहिलेला तोटा फिटत नाही, तो पुढच्या पिढीच्या नावे टाकला जातो.

शाडू आणि प्लास्टर

पेणमध्ये हाच प्रश्न देवाच्या रूपाने उभा आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे या परिसरातील गणेशमूर्ती देशोदेशी जातात. पूर्वी मूर्ती शाडूची असे. ती जड, वाळायला वेळ घेणारी आणि प्रवासात भंगण्याची भीती असणारी. प्लास्टर ऑफ पॅरिस आले, साचे आले आणि हलकी, स्वस्त मूर्ती झपाट्याने तयार होऊ लागली. हातांना वर्षभर काम मिळाले, कर्जे मिळाली, रंग-साहित्याची दुकाने वाढली. त्या अर्थी साचा पूरक ठरला. परंतु प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही. विसर्जनानंतर भग्न अवयव किनाऱ्याला लागू लागले. २०२० मध्ये केंद्रीय मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कारागिरांच्या घरी चिंता शिरली.

येथे एका बाजूला निसर्ग आणि दुसऱ्या बाजूला लोभ असा सोपा सामना नाही. एका बाजूला पाणी आहे, दुसऱ्या बाजूला हंगामाआधी कर्ज काढून माल भरलेला कारागीर. वेळ न देता बंदी घातली तर तो कारागीर बुडतो, वेळ देतच राहिले तर पाणी बुडते. विनोबांनी परीक्षा पुन्हा पुन्हा करावयास सांगितली, ती अशाच प्रसंगांसाठी.

कथेतील इशारा

विनोबांनंतरच्या पिढीत हे काम मराठी विज्ञानकथेने केले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. हे टोपणनाव डॉ. जयंत विष्णू नारळीकरांचे होते. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी ते बनवले होते. पुढे ‘हिमप्रलय’मध्ये त्यांनी मुंबईवर बर्फ पाडले. शास्त्रज्ञाने आधी दिलेल्या इशाऱ्याकडे तेथे कोणी लक्ष देत नाही. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत माणसाने घडवलेले विचारी यंत्र स्वतःसारखी आणखी यंत्रे घडवू पाहते. ही कादंबरी १९८६ची. त्या काळी आपल्याकडे संगणकही अपूर्वाईचा होता.

पेणच्या खारेपाटाला असे इशारे वाचण्यासाठी कादंबरीची गरज नाही. येथील भातशेती समुद्राच्या पाण्यापासून मातीच्या बांधांनी राखलेली आहे. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि शेत कित्येक वर्षे पिकत नाही. पूर्वी सारा गाव मिळून बांध राखी. समुद्राची पातळी वाढत असताना तो बांध कोणी राखायचा, हा उद्याच्या जगाचा प्रश्न तेथे आजच दारात उभा आहे.

शुभ आणि लाभ

श्रावकाचाराला हा विचार नवा नाही. गृहस्थाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, विषवाणिज्य आहे, तलाव-सरोवरे आटवणे आहे आणि यंत्रपीडनकर्मही आहे. कोणता व्यापार करू नये याची ही यादी आणि विनोबांची पूरक-मारकाची कसोटी, दोहोंचा रोख एकच आहे: नफ्याच्या आधी जीवाचा विचार.

विनोबांचा या परंपरेशी जिव्हाळाही होता. सर्व जैन संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, हा त्यांचा आग्रह होता. त्यातून जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले आणि १९७४ मध्ये दिल्लीत चारही संप्रदायांच्या साधू-विद्वानांच्या सभेने ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ मान्य केले. पुढे विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग करून पवनारला देह ठेवला, तो दिवस १५ नोव्हेंबर १९८२, दीपावलीचा, भगवान महावीरांच्या निर्वाणाचा होता.

त्याच दिवशी व्यापारी घरांत नव्या वहीचे पूजन होते आणि पहिल्या पानावर शुभ व लाभ हे शब्द लिहिले जातात. पूर्वजांनी शुभ आधी लिहिले आणि लाभ नंतर. वही आता संगणकात गेली असली, तरी हा क्रम तोच ठेवता येतो.