एक्सपी, व्हिस्टा आणि अडखळणारा गेम

मागच्या महिन्यात लॅबला कुलूप लावत होतो, तेवढ्यात थर्ड इयरचा एक पोरगा लॅपटॉप छातीशी धरून पळत आला. "सर, विंडोज १० वरून ११ वर जाऊ का? रूमवरचे सगळे म्हणतात गेम स्लो होतात." मला हसूच आलं. हाच प्रश्न आम्ही २००७ साली याच हॉस्टेलच्या जिन्यावर बसून रात्र रात्र चघळला होता. तेव्हा नावं वेगळी होती इतकंच.

तर मित्रहो, आधी आमची कर्मकहाणी ऐका.

माझ्याकडे तेव्हा पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम आणि घरच्यांना "प्रोजेक्टला लागतं" असं सांगून घेतलेलं जीफोर्स ६२०० कार्ड होतं. मशीनवर विंडोज एक्सपी. गॅदरिंगमध्ये काउंटर-स्ट्राइक १.६ ची स्पर्धा दोन दिवसांवर आलेली, आणि मला दुर्बुद्धी सुचली. व्हिस्टाची डीव्हीडी विंगमध्ये फिरत होती. काचेसारख्या पारदर्शक खिडक्या बघून डोळे दिपले होते. म्हटलं, नवी सिस्टीम म्हणजे गेमही पळणार! रात्रभर इन्स्टॉल केलं. सकाळी गेम चालू केला तर कोपऱ्यावर शत्रू दिसायचा, चित्र क्षणभर थिजायचं आणि पुन्हा हललं की मी मेलेलो असायचो. टीमने जे काही ऐकवलं ते या मासिकात छापता येणार नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री परत एक्सपी टाकलं.

आता हे का झालं? तेव्हा आम्ही "व्हिस्टा भिकार आहे" एवढं बोलून मोकळे झालो. खरं कारण पुढे नोकरीत आल्यावर नीट वाचलं तेव्हा कळलं.

पहिली गोष्ट साधी आहे. एक्सपी २००१ साली आलं, तेव्हा त्याची शिफारस होती १२८ एमबी रॅमची. व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलं तेव्हा किमान ५१२ एमबी, आणि त्या काचेच्या खिडक्यांसकट नीट चालवायचं तर १ जीबी. म्हणजे माझ्या मशीनवर सिस्टीमच पोट भरून जेवत होती आणि गेमच्या ताटात उरलंसुरलं. रॅम पुरली नाही की सामान हार्डडिस्कवर जातं, आणि हार्डडिस्क रॅमच्या मानाने बैलगाडी. चित्र थिजायचं ते त्यामुळे.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. एक्सपीमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचा बराचसा भाग कर्नलमध्येच बसायचा. ड्रायव्हर गडबडला की अख्खं मशीन निळ्या पडद्यासकट आडवं. व्हिस्टाने ही रचनाच बदलली. ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलबाहेर काढला, कार्डावर कोणाचं काम कधी चालेल ते सिस्टीम ठरवू लागली, कार्डाच्या मेमरीचा हिशेबही तीच ठेवू लागली. आज कधी पडदा क्षणभर काळा होऊन "ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला" असा मेसेज येतो ना, ती व्हिस्टाची देणगी. एक्सपीत तिथे रीस्टार्टच होता. पण रचना बदलली म्हणजे कार्ड कंपन्यांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले, आणि ते घाईघाईत लिहिले गेले. पुढे अमेरिकेत एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं उघड झाली. त्यांत २००७ सालच्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खाती नोंदलेले होते! म्हणजे आम्ही शिव्या देत होतो व्हिस्टाला, आणि त्यातल्या बऱ्याच शिव्यांचा पत्ता चुकत होता.

आवाजाचंही तसंच. महागडं साउंड कार्ड घेतलेल्यांची तर व्हिस्टाने पार निराशा केली. एक्सपीत डायरेक्टसाउंडमार्फत गेमचा आवाज कार्डावर मिसळला जायचा. व्हिस्टाने तो रस्ताच बंद केला, आणि जुन्या गेममधले घुमणारे आवाज एकदम सपाट झाले. लॅनवरही गंमत झाली. आयपीएक्स हा जुना प्रोटोकॉल व्हिस्टातून काढून टाकला. रेड अलर्ट २ लॅनवर त्याच्याच जिवावर चालायचा. एका विंगमधल्या निम्म्या लोकांना बाकीचे निम्मे दिसेनात, आणि भांडण मात्र स्विचवरून आणि केबलवरून.

एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये पुढे पाणी जांभळं आणि गवत लाल दिसायचं, ते आठवतंय का कोणाला? तो गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो, आणि व्हिस्टा-७ वर डेस्कटॉप त्या पॅलेटमध्ये हात घालायचा. उपाय काय, तर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचा आणि मग गेम चालू करायचा. ज्याने हा उपाय शोधला त्याला आमच्या विंगने महिनाभर चहा पाजला असता.

असो. मग व्हिस्टात गेमसाठी चांगलं काहीच नव्हतं का? होतं की. डायरेक्टएक्स १० फक्त व्हिस्टावर होतं, एक्सपीला ते कधीच मिळालं नाही. पण नोव्हेंबर २००७ मध्ये क्रायसिस आला, त्यातली "व्हेरी हाय" सेटिंग्ज व्हिस्टासाठी राखीव म्हणून जाहीर होती, आणि लोकांनी कॉन्फिग फाइलमध्ये आकडे बदलून त्यांतली बरीचशी एक्सपीवर चालवून दाखवली. तेव्हा आमचा एक्सपीचा अभिमान आणखी फुगला.

आणि हाच अभिमान मला नडला. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आलं. रचना व्हिस्टाचीच, पण ड्रायव्हर एव्हाना पिकलेले, आणि व्हिस्टा प्रत्येक खिडकीच्या चित्राची जी एक जादा प्रत रॅममध्ये ठेवायचं ती ७ मध्ये काढून टाकलेली. लोक भराभर तिकडे गेले. मी मात्र एक्सपीलाच चिकटून. त्यात अपडेट बंद, अँटीव्हायरस बंद, फायरवॉल बंद. का? तर दोन-चार एफपीएस वाढतात म्हणून. शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून की लॅनवरून एक वर्म आला. मशीन धड चालेना. मी नेहमीच्या सवयीने सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि कोड डेस्कटॉपवर होता, आणि डेस्कटॉप कुठे असतो हे इंजिनिअरिंगच्या पोराला सांगायला नको. दुसरी प्रत नव्हती. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग दोघांनी मिळून एकवीस रात्री जागून सगळं पुन्हा टाइप केलं. त्याने अजूनही मला त्याबद्दल पुरतं माफ केलेलं नाही, भेटला की विषय निघतोच.

म्हणून परवा त्या पोराला मी पहिला प्रश्न विचारला, "अपडेट चालू आहेत का रे?" खाली बघायला लागला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे जादा अपडेट हवे तर वेगळी नोंदणी करावी लागते, तीही घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. याने नोंदणी केलेली नाही, आणि याच लॅपटॉपवरून मेसचे नि फीचे पैसे भरतो.

आता गेम स्लो होतात का, याचं उत्तर. अफवेत थोडं तथ्य आहे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा एएमडी रायझन प्रोसेसरवर कॅशची एक भानगड होती. कंपनीनेच सांगितलं की काही प्रोग्राम ३ ते ५ टक्के आणि काही ई-स्पोर्ट्स गेम १० ते १५ टक्के मंदावू शकतात. त्याच महिन्यात ते दुरुस्त झालं. पण अफवेला कुठे अपडेट मिळतो! दुसरं म्हणजे "मेमरी इंटिग्रिटी". कर्नलमध्ये खोटा ड्रायव्हर घुसू नये म्हणून हा पहारा असतो, आणि नव्या मशीनवर तो आधीपासूनच चालू असतो. पहाऱ्याला वेळ लागतो, काही गेममध्ये त्याचा फटका बसतो, हे मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये स्वतःच मान्य करून तो बंद कसा करायचा तेही सांगितलं. माझं विचाराल तर बंद करू नका. माझा रिपोर्ट आठवा.

मग म्हटलं, बस, मोजू. मोजण्याचीही एक पद्धत आहे. मशीन तेच, ड्रायव्हर त्याच आवृत्तीचा, गेमचा नकाशा तोच, लॅपटॉप चार्जरवर. पहिली फेरी सोडून द्यायची, कारण तेव्हा गेम डिस्कवरून सामान उचलत असतो. मग तीन फेऱ्या. आमच्या वेळी काउंटर-स्ट्राइकमध्ये डेमो रेकॉर्ड करून "टाइमडेमो" कमांड द्यायचो, तेच तत्त्व.

आणि नुसती एफपीएसची सरासरी बघू नका, ती फसवते. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि साठावी ४१० मिलिसेकंदांनी आली. झाले १,००० मिलिसेकंद, सरासरी ६० एफपीएस. आकडा झकास! पण ती जवळजवळ अर्ध्या सेकंदाची उचकी लागली तेव्हा तुम्ही मेलात. व्हिस्टावर माझं हेच होत होतं. म्हणून सगळ्यात हळू आलेल्या फ्रेम वेगळ्या काढून बघायच्या.

त्या पोराच्या लॅपटॉपची डिस्क दोन भागांत करून १० आणि ११ दोन्ही चालवले. दोन रात्री गेल्या. फरक इतका किरकोळ, की तीन फेऱ्यांत आपापसातच त्याहून जास्त फरक पडत होता. उचक्या मात्र दोन्हीकडे सारख्या. मग झाकण उघडलं तर रॅमची एकच पट्टी. त्याचं ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच, म्हणजे त्याला वेगळी मेमरी नाही, रॅममधूनच सगळं ओढायचं, आणि एक पट्टी म्हणजे एकेरी रस्ता. लॅबमधली तशीच एक पट्टी तात्पुरती बसवली. गेम चालू केला आणि पोरगा खुर्चीतून उठलाच.

विंडोज ११ ठेवलं आहे, अपडेट चालू केले आहेत. पट्टीचे पैसे घरून कसे मागायचे यावर तो विचार करतोय. "प्रोजेक्टला लागते सर," म्हणाला.