परसबागेचा वैशाख
कोकणची परसबाग : भाग सहावा

पावसाळ्यातल्या परसबागेविषयी गेल्या आठवड्यात वाचले. पण रत्नागिरीची देशी झाडे खऱ्या अर्थाने रंगात येतात ती फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे विहिरींचे तळ दिसू लागतात तेव्हा.

या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. उरलेले ८ महिने जमीन जवळजवळ कोरडीच. जांभा सच्छिद्र असल्याने पडलेले पाणी धरून ठेवत नाही. त्यात मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे सुटले की समुद्राकाठचे हे शहरही चाळिशीच्या आसपास तापते. नव्या बंगल्यांपुढची हिरवळ अशा वेळी टँकरच्या पाण्यावर कशीबशी जगते आणि गडग्यापलीकडची करवंदीची जाळी मात्र फळांनी लगडते.

हे घडते, कारण या झाडांनी आपले सारे वर्ष पावसाच्या वेळापत्रकाला बांधून घेतले आहे. जांभूळ आणि रातांबा यांच्या बिया वाळल्या की मरतात. त्यांना साठवण सोसत नाही. म्हणून फळ पिकायला हवे ते मृगाच्या तोंडावर, आणि त्यासाठी फुलोरा यायला हवा कोरड्या दिवसांत. पांगारा तर पाने गाळून मगच फुलतो. पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते आणि उघड्या फांद्यांवरची लालभडक फुले मैना-बुलबुलांना लांबूनही दिसतात. करवंद आणि अंजनी पाने टिकवतात, पण ती जाड, चिवट असतात. उक्षीची वेल खोडातच पाणी साठवते. ओढे आटल्यावर रानात फिरणारी माणसे तिचा तुकडा तोडून तहान भागवतात.

डोळ्यांना आणि नाकाला यातून केवढे मिळते! आधी सुरंगी येते, तिचे गजरे बाजारात दिसू लागतात. मग अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या होतात, गडग्यावर कुसरीचा पांढरा सडा पडतो, बहावा पिवळा होतो आणि राज्यफूल ताम्हण जांभळ्या रंगात उभे राहते. गुलमोहर देखणा खरा, पण तो मादागास्करचा. ताम्हण इथलेच असताना अंगणात पहिला मान त्याला मिळायला हवा.

रातांब्याचे कौतुक तर पिढ्यान्‌पिढ्या कोकणी घरांनी केले आहे. लाल फळे फोडून साले वेगळी करायची, फळांच्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसाचे पुट द्यायचे. असे बरेच दिवस चालते, तेव्हा काळी आमसुले तयार होतात. त्याला कडक ऊनच लागते. वळवाची एखादी सर आली तरी वाळवण आत घेण्याची धांदल उडते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावून वाढवलेल्या रोपांतली निम्मी-शिम्मी नर निघू शकतात, आणि ते कळायला काही वर्षे जातात. जागा थोडी असेल तर मादी झाडाचे कलमच आणावे.

देशी झाड म्हणजे पाण्याशिवाय जगणारे झाड, असे मात्र कोणी समजू नये. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला पाणी द्यावेच लागते. आळ्यात नारळाची सोडणे पुरली आणि वर पातेऱ्याचा थर घातला की ओल बरीच टिकते. पातेरा भाजावळीला जातो किंवा झाडून जाळला जातो. निदान परसातला तरी राखावा. सावलीत पाण्याचे एक पसरट भांडे ठेवले तर सकाळ-संध्याकाळ शिंजीर आणि बुलबुल हमखास भेटतात.

यंदा जांभळे आणि रातांबे खाल, तेव्हा बिया फेकू नका आणि वाळवूही नका. धुऊन दोन-चार दिवसांतच पिशव्यांत लावा आणि पिशव्या सावलीत ठेवा.