गार इंजिनाचा आकडा फसवतो: लीकडाऊन टेस्ट कधी आणि कशी करून घ्यावी

मंडळी, मे महिना सरत आला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारी बंद. मालीम असो, कुटबण असो की वास्कोचा खारीवाडा, जेटीवर सध्या एकच बोलणे चालू आहे: यंदा इंजिन खोलायचे की अजून एक सीझन काढायचा? हा निर्णय बऱ्याचदा लीकडाऊन टेस्टवर होतो. म्हणून आज त्या टेस्टबद्दल थोडे सविस्तर.

आधी एक घडलेली गोष्ट. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदाच्या ट्रॉलरचे सहा सिलिंडरचे इंजिन तपासायला घेतले. धूर जास्त, ओढ कमी, अशी तक्रार. बोट तीन आठवडे उभी होती. मेकॅनिकने गार इंजिनावरच टेस्ट केली. सहाही सिलिंडरांत ३० ते ४० टक्के गळती! लायनर, पिस्टन, रिंगा, सगळे नवे घालायचे ठरले. घरातले सोने गहाण ठेवायची बोलणीही झाली. नशीब, बोट अजून पाण्यातच होती. आम्ही म्हटले, एकदा इंजिन तापवून बघूया. तापल्यावर पाच सिलिंडर १५ टक्क्यांच्या आत आले. एकटा चौथा ३५ वरच राहिला, आणि त्याची हवा एक्झॉस्टमधून येत होती. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा. हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीटचे काम केले, तेवढ्यात भागले.

टेस्ट म्हणजे नेमके काय?

पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणून थांबवतात. दोन्ही व्हॉल्व्ह तेव्हा बंद असतात. इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडतात. एक गेज आत सोडलेला दाब दाखवतो, दुसरा सिलिंडरमध्ये टिकलेला. १०० पौंड सोडले आणि ८५ टिकले, तर गळती १५ टक्के. साधारणपणे १० टक्क्यांपर्यंत उत्तम, २० पर्यंत चालण्यासारखे, ३० च्या वर गेले की काळजी. पण गेजच्या आतल्या छिद्राच्या मापाप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून दरवर्षी शक्यतो तेच गेज वापरा.

गरम-गारने एवढा फरक का पडतो?

पहिले कारण धातूचे. पिस्टन बहुतेक ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. १०० मिमी व्यासाचा पिस्टन ५० अंशांनी तापला की सुमारे ०.१ मिमी फुगतो. लायनर त्याच्या निम्माच फुगतो. म्हणजे गार इंजिनात पिस्टनभोवतीची फट मोठी असते आणि रिंगेच्या तोंडातून हवा निसटायला जागा जास्त मिळते. इंजिन बनवणाऱ्याने ही फट चालत्या, गरम इंजिनाच्या हिशेबाने ठेवलेली असते.

दुसरे कारण तेलाचे. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि हवा अडवायला तोही मदत करतो. बोट उभी राहिली की हे तेल हळूहळू खाली उतरते. पावसाळी दमट हवेत लायनरला हलका गंजही धरतो. अशा कोरड्या सिलिंडरचा आकडा वाईटच येणार.

उलटही घडते

काही दोष गार इंजिनात लपून बसतात. टॅपेटचा गॅप कमी ठेवला असेल, तर व्हॉल्व्ह तापून लांब होतो आणि सीटवर पुरता बसत नाही. गार असताना सगळे ठीक, गरम झाले की गळती. हेडला बारीक चीर असेल तर तीही तापल्यावरच उघडते. म्हणून गरम टेस्टमध्ये आकडा सुधारला तर जीव भांड्यात पडतो, बिघडला तर खरा दोष सापडतो. फायदा दोन्हीकडून आहे.

इंजिन गरम झाले, हे कसे ओळखायचे?

जेटीला बांधून नुसते आयडलवर ठेवले तर डिझेल इंजिन नीट तापत नाही. त्याला लोड लागतो. पाण्याचा काटा ७५ ते ८५ अंशांवर गेला तरी लगेच थांबू नका, तेल तापायला आणखी वेळ लागतो. काही बोटींवर थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. तिथे काटा वर चढतच नाही, आणि सतत गार चालल्याने रिंगा-लायनरही लवकर झिजतात. आधी थर्मोस्टॅट बसवा, मग टेस्ट करा.

बोट वर ओढल्यावर मात्र हे काहीच जमत नाही. समुद्राचे पाणी मिळाल्याशिवाय इंजिन चालवले तर पंपाचा इम्पेलर जळतो आणि इंजिनही गरम होऊन धोक्यात येते.

काम करताना

- हत्यारे, अडॅप्टर, कॉम्प्रेसर आधीच तयार ठेवा. बंद केल्यावर इंजिन गार व्हायला लागते.
- प्रत्येक सिलिंडरचा आकडा आणि त्या वेळचे तापमान वहीत लिहा.
- सहावा झाला की पहिला पुन्हा तपासा. त्याचा आकडा बराच वाढला असेल तर इंजिन मधेच गार झाले. मग सिलिंडरांची तुलना खरी नाही.
- हवा कुठून येते ते कान लावून ऐका. एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा-लायनर. पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅसकेट किंवा चीर.
- गिअर न्यूट्रलला, बॅटरी बंद, फ्लायव्हील नीट अडवलेले. १०० मिमी पिस्टनवर १०० पौंड दाबाने सुमारे ५५० किलोचा जोर येतो. पिस्टन जरा जरी हलला तरी क्रँक झटक्यात फिरतो. पाना त्यावर अडकवून ठेवू नका, हात दूर ठेवा.
- टाकीचे झाकण गरम असताना एकदम उघडू नका.

इंजिन चालूच होत नसेल तर गार टेस्टशिवाय इलाज नाही. तेव्हा टक्क्यांवर जाऊ नका. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा आहे का आणि हवा कुठून येते, एवढेच पाहा. सगळेच सिलिंडर सारखे वाईट आले आणि हवा तेलाच्या तोंडातून येत असेल, तर लगेच लायनरची ऑर्डर देऊ नका.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: शेवटची फेरी करून बोट बंदरात आली की मासळी उतरवून त्याच दिवशी, इंजिन गरम असतानाच टेस्ट करून घ्या. त्यासाठी मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा. जूनच्या मध्यावर तीच टेस्ट कराल तर आकडा वेगळा येईल आणि बिलही. हे आपल्या तांडेलालाही वाचून दाखवा.