सातबाऱ्यामागची रचना कालबाह्य झाली काय?

'सर्व्हर डाऊन आहे' हे शब्द ऐकून सातबाऱ्यावाचून परत फिरावे लागले नाही, असा गृहस्थ आपल्या जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत क्वचितच सापडेल. अशा वेळी रांगेतला एखादा जाणता हटकून सांगतो की, ही रचनाच आता जुनी झाली. जगात 'मायक्रोसर्व्हिस' नावाचे नवे तंत्र आले आहे. या म्हणण्यात तथ्य किती, ते पाहावयाचे आहे.

अशा व्यवस्थेत साधारणतः तीन मजले असतात. वरचा मजला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढील खिडकी. मधला मजला कारकुनाचा. मागणी नियमात बसते काय, फी भरली काय, हे तो तपासतो. तळमजल्यावर दप्तरखाना. खिडकीतून कोणालाही थेट दप्तराला हात लावता येत नाही. ही त्रिस्तरीय रचना १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. नव्या पक्षाचे मत असे की, मधल्या एका थोर कारकुनाऐवजी अनेक लहान कारकून नेमावेत आणि प्रत्येकाचे दप्तरही निराळे ठेवावे. म्हणजे एक आजारी पडला तरी इतरांचे काम अडत नाही.

ऐकावयास हे गोड आहे. परंतु सातबारा हा मुळात दोन नमुन्यांचा जोड आहे, हे आपण विसरतो. गाव नमुना सात मालकी हक्काचा, नमुना बारा पिकांचा. एकाच गटाचा फेरफार दोन दप्तरांत दोन नावांनी नोंदला गेला, तर दोन्ही कारकून आपापल्या जागी बरोबर ठरतील आणि एका कुटुंबाची आयुष्याची पुंजी जाईल! म्हणून मालकीचे दप्तर एकच हवे, आणि नोंद व्हावी तर पुरती व्हावी, नाहीतर मुळीच होऊ नये. येथे जुनी रचना मला तरी मुळीच जुनी वाटत नाही.

पिकाचे तसे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवर छायाचित्रासह पिकाची नोंद करतो. बांधावर रेंज नसेल तर ती नोंद फोनमध्येच राहून सायंकाळी गेली, म्हणून कोणाचे काय बिघडते? प्रत्येक क्षणी मध्यवर्ती दप्तराला विचारण्याचा हट्ट येथे खरोखर कालबाह्य आहे.

उताऱ्याची गोष्ट आणखी निराळी. उतारा देणे म्हणजे दप्तर वाचणे, बदलणे नव्हे. वाचण्यासाठी प्रती कितीही ठेवाव्यात. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, त्यातली खुबी हीच की खरेपणाची खूण कागदाबरोबरच चालते.

परदेशांतही हे वारे एकाच दिशेने वाहत नाही. २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या चित्रपट-सेवेतील एका विभागाने चित्र-ध्वनीच्या तपासणीचे विखुरलेले काम पुन्हा एका छपराखाली आणले. तेवढ्या कामाचा खर्च नव्वद टक्क्यांनी उतरल्याचे त्यांनीच सांगितले.

आणि दप्तरातच नाव चुकले असेल, तर मजले तीन असोत की तीस. २०१७ मध्ये संगणकावरील सातबारे गावोगाव चावडीवर मोठ्याने वाचून दाखविण्यात आले, ते याच चुका पकडण्यासाठी. त्या कामी ज्याची जमीन तो माणूस समोर बसून ऐकत असणे, एवढेच यंत्र लागले.