आईचे ग्रीन कार्ड आणि पाच वर्षांचा हिशेब

आई अडुसष्टाव्या वर्षी ग्रीन कार्डावर आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात दारातल्या बर्फावरून घसरून तिचे मनगट मोडले. प्लास्टर घालून घरी आणल्यावर मी सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत मेडिकेअरची चौकशी करायला गेलो. वय पासष्टच्या वर, कार्ड हातात. अर्ज भरला की काम झाले अशी माझी समजूत. खिडकीपलीकडच्या बाईंनी कार्डावरची तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "अजून साडेतीन वर्षे."

ही अट जुनी आहे. नागरिक नसलेल्याला मेडिकेअरसाठी ग्रीन कार्ड आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. १९७० च्या दशकात फ्लोरिडातल्या काही वृद्धांनी, त्यांत क्यूबाहून आलेले निर्वासितही होते, याविरुद्ध दावा लावला. खालच्या कोर्टात ते जिंकले. १९७६ साली 'मॅथ्यूज विरुद्ध डियाझ' खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो निकाल एकमताने फिरवला. गंमत अशी, की याच कोर्टाने १९७१ मध्ये राज्य सरकारांना बजावले होते की केवळ परदेशी म्हणून कोणाला सरकारी मदत नाकारता येणार नाही. मग फरक काय? परदेशातून आलेल्यांबाबतचे धोरण ठरवणे हे काँग्रेसचे काम, राज्यांचे नव्हे. तर्क समजतो, आईच्या मनगटाला त्याचा उपयोग नव्हता.

दुसरी गोष्ट आपण सही करून विसरतो ती. आई-वडिलांना आणताना भरलेला आय-८६४ फॉर्म म्हणजे निव्वळ हमीपत्र नव्हे. १९९६ च्या कायद्यानंतर तो कोर्टात बजावता येणारा करार झाला. पूर्वीचा फॉर्म कोर्टे नैतिक जबाबदारीपुरताच मानत. आई-वडिलांनी उत्पन्नावर अवलंबून असलेली सरकारी मदत घेतली, तर सरकार ती आपल्याकडून वसूल करू शकते. (मेडिकेअर त्यात मोडत नाही.) ते नागरिक झाले, कामाच्या ४० तिमाह्या त्यांच्या नावावर जमा झाल्या, कायमचे परत गेले किंवा वारले, तरच ही जबाबदारी संपते. घटस्फोटानेसुद्धा ती संपत नाही. २०१२ मध्ये सातव्या सर्किट कोर्टाने एका पतीला सांगितले की पत्नी नोकरी शोधत नाही, ही सबब चालणार नाही.

मधल्या पाच वर्षांत काय करावे? २०१४ पासून ग्रीन कार्डधारक मार्केटप्लेसवर विमा घेऊ शकतात, पासष्टीनंतरही. २०१५ च्या 'किंग विरुद्ध बरवेल' निकालाने त्यावरची करसवलत सर्व राज्यांत टिकली. मात्र २०२५ च्या कायद्याने, दारिद्र्यरेषेखालचे उत्पन्न असलेल्या अशा नवागतांची सवलत जानेवारी २०२६ पासून थांबली. आई-वडील तुमच्या टॅक्स रिटर्नवर अवलंबित असतील तर तुमचे उत्पन्न धरले जाते. तेव्हा आधी अकाउंटंटशी बोला.

पाच वर्षे भरली की घाई करा. मुदत सात महिन्यांची: पात्रतेच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. ती चुकली तर पार्ट बी चा हप्ता उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ सहसा जन्मभर राहते. २०२५ मध्ये तो हप्ता महिना १८५ डॉलर होता. पार्ट ए साठी ज्यांच्या वा ज्यांच्या जोडीदाराच्या पुरेशा तिमाह्या नाहीत, त्यांना ५१८ डॉलरपर्यंत मोजावे लागत.

आईची तारीख मी दर वर्षी नव्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहीत होतो. ती विचारायची, "कुणाचा वाढदिवस रे?"