देव पाहिला, देऊळ पाहायचे राहिले

महाशिवरात्रीचा पर्वकाळ आला म्हणजे कोपरगावकरांची पावले बेट भागातील श्रीशुक्राचार्यांच्या मंदिराकडे वळतात. दैत्यगुरूंकडून कचाने संजीवनी विद्या मिळविली ती याच गोदातीरी, अशी आपली परंपरागत श्रद्धा. या स्थानी विवाहास मुहूर्त पाहावा लागत नाही, हेही येथील आबालवृद्धांस ठाऊक आहे. यंदाच्या पर्वानिमित्त मात्र आम्ही वाचकांस शिर्डीवरून पुढे सिन्नरच्या श्रीगोंदेश्वरी नेऊ इच्छितो, आणि स्पष्टच सांगावयाचे तर प्रवासी म्हणून.

'प्रवासी' हा शब्द भाविकांच्या कानास खटकेल, हे आम्ही जाणतो. देवळात जावे ते दर्शनाला. ते काय प्रेक्षणीय स्थळ आहे? आमच्या दहा जणांच्या मेळ्यातील एका आजींनी निघतानाच विचारले, "देवाला भेटायला चाललोय का दगडाला?" त्यावर कोणापाशीच चटकन उत्तर नव्हते.

सिन्नर ही देवगिरीपूर्वीची यादवांची राजधानी. अकराव्या-बाराव्या शतकांतील हे देवालय लोकांच्या तोंडी 'हेमाडपंती' असले, तरी हेमाद्रिपंडित हा महादेवराय व रामचंद्रदेव यांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अशा बांधणीची कित्येक देवळे त्याच्याही आधीची आहेत. शिखराची घडण भूमिज पद्धतीची. चार दिशांनी चार उभे पट्टे वर चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी, खाली मोठ्या व वर लहान होत गेलेल्या. दुरून एकच शिखर दिसते, जवळ जावे तो शिखरांचे रानच.

उंच चौथऱ्यावर मधोमध महादेव, समोर नंदीमंडप, आणि चार कोपऱ्यांस चार लहान मंदिरे. आमच्यातील तरुण मंडळी छायाचित्रे घेत राहिली आणि या मांडणीचा उलगडा त्यांस होईना. आजी मात्र मधोमध उभ्या राहिल्या, चहूकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं देवघरातलं ताम्हण!" आम्ही चकित झालो. शिवपंचायतन! मध्ये शंकर, भोवती विष्णू, सूर्य, देवी आणि गणपती. ज्या घरी पंचायतनपूजा आहे, तेथील माणूस रोज सकाळी हाच नकाशा तळहाताएवढ्या जागेत मांडतो. तोच येथे दगडात, माणसाने आत चालत जावे एवढा मोठा झाला आहे. त्या क्षणी देव पाहणे आणि दगड पाहणे निराळे उरले नाही. पुढे अभिषेकाच्या पाण्याच्या प्रणालापाशी आजी सोमसूत्री प्रदक्षिणेच्या नियमानुसार थबकून मागे वळल्या. त्यामुळे तोच अर्धा भाग त्यांनी दोन्ही दिशांनी पाहिला आणि आम्हा सर्वांपेक्षा अधिक पाहिला.

ज्या काळात सह्याद्रीच्या या बाजूस पाथरवट घण घालीत होते, सुमारे त्याच काळात फ्रान्समध्ये ख्रिस्ती महामंदिरे उभी राहत होती. पॅरिसच्या नोत्र दामचा पाया ११६३ साली घातला गेला. शार्त्र येथील चर्चचा बराच भाग ११९४ च्या आगीत जळाला, ते पुन्हा बांधून १२६० मध्ये त्याचा समर्पणविधी झाला. तेथे आजही एकीकडे उपासना चालते, दुसरीकडे प्रवाशांचे थवे मान वर करून रंगीत काचा पाहतात. शार्त्रच्या आतील भिंती शतकांच्या काजळीने काळवंडल्या होत्या. २००९ च्या सुमारास त्या उजळण्याचे काम निघाले आणि पुढे तेथील काळी मेरीमूर्तीही गोरी झाली, तेव्हा मोठे वादळ उठले. काजळी काढणाऱ्यांचे म्हणणे, मूळ रूप असेच होते. भाविकांचे म्हणणे, आमच्या वाडवडिलांनी काळ्या मातेपुढे हात जोडले. दोन्ही पक्षांत प्रेमच होते, हे विसरू नये.

आपल्याकडे वादसुद्धा होत नाही, हे आमचे दुःख आहे. गोंदेश्वर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तेथे मनमानी चालत नाही. पण गावोगावची जुनी देवळे? उत्सव जवळ आला की कोरीव खांबांवर ऑईलपेंटचा हात फिरतो आणि जीर्णोद्धाराचे पुण्य पदरी पडल्याचे समाधान मिळते. त्या रंगाने दगडाचा श्वास कोंडतो, आत ओल साचते आणि कालांतराने पापुद्रे सुटू लागतात. मग रंग काढण्यासाठी वाळूचा मारा केला, की उरलेसुरले नाकडोळेही जातात. गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी बसते, तीवर देणगीदाराचे नाव ठळक उमटते. गोंदेश्वर घडविणाऱ्या पाथरवटाचे नाव आम्ही पुष्कळ शोधले, कोठेच दिसले नाही.

पाहावयास जाणाऱ्यांनी महाशिवरात्रीच्या गर्दीत न जाता आदल्या वा नंतरच्या दिवशी, ऊन तिरपे असताना जावे. कोवळ्या वा उतरत्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. माध्यान्ही सारे सपाट. चारही उपमंदिरे सावकाश पाहावीत.

परतताना गाडीत आजींनी सहज विचारले, "आपल्या कुंभारीच्या राघवेश्वराचं देऊळ पण जुनंच ना? त्याचं छत कसं आहे, सांगा बरं कुणीतरी." कुंभारी तर आमच्याच तालुक्यात, गोदाकाठी. आमच्यातील चौघे श्रावणी सोमवार न चुकविणारे. चौघेही एकमेकांकडे पाहू लागले.