अशोकाच्या लेखांतील अरेमाइक

घनसावंगी परिसरातील अनेक घरांत निजामाच्या काळातील जमिनीचे कागद अजून जपून ठेवलेले आढळतात. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे आजोबांच्या जमिनीचा कागद नातवाला वाचता येत नाही; त्यासाठी जाणकार शोधावा लागतो. वर्षावासातील एका प्रवचनानंतर एका उपासकाने असाच कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, ‘‘सर, ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते. आपल्या अशोकाच्या लिपीशी हिचे काही नाते आहे काय?’’ मला उर्दू येत नसल्याने कागद वाचता आला नाही. प्रश्नाचे उत्तर मात्र ‘आहे’ असेच होते. तेथे ते दोन वाक्यांत दिले. येथे थोडे विस्ताराने देत आहे.

अरेमाइक ही सेमिटिक कुळातील, हिब्रू व अरबी यांची बहीण म्हणता येईल अशी भाषा. ती मूळची सीरियाच्या प्रदेशातील अरामी लोकांची. त्यांनी फिनिशियन लोकांची अक्षरमाला घेतली आणि इ.स.पू. नवव्या शतकापासून तिच्यातील लेख सापडू लागतात. अक्षरे अवघी २२, सर्व व्यंजने. स्वर वाचणाऱ्याने समजून घ्यावयाचे. काही ठिकाणी य, व यांसारख्या अक्षरांकडून दीर्घ स्वराचे काम करून घेतले जाई, इतकेच. ओल्या मातीच्या विटेवर खिळ्यासारखी चिन्हे उमटवण्यापेक्षा शाईने चामड्यावर किंवा पपायरसवर ही अक्षरे लिहिणे फार सोपे होते. म्हणून असिरियन राज्यकर्त्यांच्या दप्तरात ती शिरली आणि पुढे इराणच्या हखामनी सम्राटांनी तिलाच आपल्या कारभाराची भाषा केले. इजिप्तपासून गंधारपर्यंत राज्यकर्त्यांची मातृभाषा नसलेल्या या भाषेत हुकूम आणि पावत्या लिहिल्या जात. थोडक्यात, ती कारकुनांची भाषा होती.

ते साम्राज्य अलेक्झांडरने मोडले, परंतु कारकून राहिले. अशोकाने वायव्येकडे लेख कोरविले तेव्हा त्याच्यासमोर हे लोक होते. कंदाहारजवळ १९५८ मध्ये सापडलेल्या शिलालेखात वर ग्रीक आणि खाली अरेमाइक मजकूर आहे. तक्षशिला आणि अफगाणिस्तानातील लघमान येथेही अशोककालीन अरेमाइक लेख मिळाले आहेत. कंदाहारच्या लेखात ‘धम्म’ या अर्थी ग्रीक भाषांतरकाराने देवादिकांविषयीचा पूज्यभाव सुचविणारा ‘युसेबिया’ हा शब्द वापरला आहे. अरेमाइक भाषांतरकाराने मात्र ‘सत्य’ असा अर्थ असलेला शब्द निवडला. माझ्या मते दोघांत अधिक जवळ गेला तो अरेमाइक लिहिणारा.

कंदाहारलाच १९६३ मध्ये मिळालेला आणखी एक तुकडा पालीच्या अभ्यासकाला विशेष मोह घालणारा आहे. त्यात सातव्या स्तंभलेखातील प्राकृत शब्द अरेमाइक अक्षरांत दिले असून त्यांच्या मागोमाग अरेमाइकमध्ये अर्थ दिला आहे. मूळ पद आणि त्याचा अर्थ, ही आपल्या अट्ठकथांची ओळखीची रीत! ती येथे अशोकाच्या काळीच दगडावर दिसते.

याच लिपीपासून गंधारात खरोष्ठी घडली, असे बहुतेक विद्वान मानतात. (ब्राह्मीच्या उगमाविषयी मात्र ब्यूलरपासून आजवर वाद चालू आहे, त्यात येथे शिरत नाही.) खरोष्ठी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्या ब, न, र, व या अक्षरांचे अरेमाइकशी साम्य स्पष्ट आहे. तथापि ही नक्कल नव्हे. महाप्राण आणि मूर्धन्य वर्णांसाठी नवी अक्षरे करण्यात आली, व्यंजनात ‘अ’ गृहीत धरण्यात आला आणि इतर स्वरांसाठी मात्रा आल्या. शब्दारंभीचे स्वरही ‘अ’लाच मात्रा जोडून लिहीत. मराठीत एके काळी काही सुधारकांनी अि, अु, अे असे लिहावे म्हणून आग्रह धरला होता. खरोष्ठी लिहिणाऱ्यांनी ते दोन हजार वर्षांपूर्वीच केले होते.

शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील अशोकाचे लेख खरोष्ठीत आहेत. शाहबाजगढीला ‘लिपि’ऐवजी ‘दिपि’ असा जुना इराणी शब्दच येतो. ज्ञात बौद्ध हस्तलिखितांपैकी सर्वांत प्राचीन हस्तलिखिते, म्हणजे गंधारातील भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या, याच लिपीत आहेत.

अरेमाइक लिपीची दुसरी शाखा नबातियन लोकांकडे गेली. तिच्यातून अरबी, अरबीतून फार्सी आणि तिच्यातून उर्दू लेखन आले. म्हणजे घनसावंगीचा तो कागद आणि शाहबाजगढीचा शिलालेख एकाच आजीची नातवंडे. कोकणातील बेने इस्रायलांच्या हिब्रू प्रार्थनाग्रंथांतील चौकोनी अक्षरेही अरेमाइकच. त्यांची ‘कद्दीश’ ही प्रार्थना तर भाषेनेही अरेमाइक आहे.

आपल्याकडे सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला; १९५६ मध्ये नवव्याचा मिळाला. हे दोन्ही ब्राह्मीत आहेत. परंतु कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या लेखकाने आपले नाव ब्राह्मीत घालून ‘लिपिकरेण’ हा शब्द खरोष्ठीत लिहिला आहे. वायव्येची लिपी जाणणारा हा माणूस दक्षिणेत चाकरीला होता. तेथे ती वाचणारे कोण असणार? तरीही त्याने ती लिहिली. कसब दाखविण्याचा मोह असावा.

आता मूळ मुद्दा. चुल्लवग्गात ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन येतात. नाना गोत्रांचे, नाना जातींचे लोक संघात आले असून ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात. म्हणून ते छंदस्‌मध्ये बांधावे, अशी त्यांची विनंती. तथागत ती फेटाळतात आणि बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्यास अनुज्ञा देतात. ‘सकाय’ म्हणजे कोणाच्या? बुद्धघोषाचार्यांच्या मते बुद्धांच्या स्वतःच्या, म्हणजे मागधी भाषेत. अनेक आधुनिक अभ्यासकांच्या मते ज्याच्या त्याच्या भाषेत. अशोकाचे लेख राजाज्ञा आहेत, बुद्धवचन नव्हे. कंदाहारच्या त्या लेखात बुद्धांचे नावही नाही. त्यामुळे ते या वादात थेट पुरावा ठरत नाहीत. परंतु बुद्धाचा उपासक असलेल्या राजाला धम्म सांगताना मागधीचा हट्ट धरावासा वाटला नाही आणि परक्या अक्षरांत लिहिल्याने तो बिघडेल अशी भीती वाटली नाही, एवढे हे दगड सांगतात. मला दुसरा अर्थ ग्राह्य वाटतो, त्याचे हे एक कारण आहे.

ज्यांना कोणतीच लिपी येत नव्हती त्यांचाही विचार त्याने केला होता. धौली आणि जौगड येथील स्वतंत्र लेखांत, लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावा, मधल्या काळात एकट्या माणसालाही ऐकवावा, अशी सूचना आहे. हे स्वतंत्र लेख १९८९ मध्ये सन्नती येथेही सापडले. सन्नती भीमेच्या काठी आहे आणि १९४८ पूर्वी, घनसावंगीप्रमाणेच, निजामाच्या राज्यात होती.